पारापलीकडचे बूट

तुमच्या दाराशी चपलांचे जे जोड पडलेले असतात, त्यातला कोणता जोड गावातून पायात जातो आणि कोणता हातात, हे तुम्ही कधी पाहिलंय का?

मला कुणी हे विचारलं असतं तर मी पाहायच्या आधी भाषण दिलं असतं. आमच्या घराचा तो गुणच आहे. धरणगाव तालुक्यातलं गाव, कापसाची शेती आणि माळ्यावर पत्रकांचे गठ्ठे. मी अक्षरं शिकले ती गुलाबी आणि पिवळ्या कागदांवर. 'बंधू-भगिनींनो' हा मी वाचलेला पहिला मोठा शब्द. माझ्या वडिलांना सारं गाव भाऊ म्हणतं, म्हणून आम्हीही भाऊच म्हणतो. हुंडा, अंगात येणं, लग्नातला मानपान, पोरींच्या शाळा, भाऊंनी पत्रक काढलं नाही असा विषय नाही. आमच्या घरी पाहुण्याला आधी पाणी मिळतं आणि लगेच वाचायला कागद.

मी जळगावच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवते, रोज जाऊन-येऊन. भाऊ (माझा सख्खा भाऊ, वडील नव्हेत) सुरतेला गिरणीत आहे. म्हणून घरात राहतो आम्ही चौघं: वडील म्हणजे भाऊ, आई, मी आणि वहिनी.

वहिनी रावेरकडची. केळीचे घड भरलेल्या ट्रॅक्टरमागे पळत मोठी झालेली. माझ्याच वयाची. आम्हा दोघींच्या पायाचं मापही एकच, हे लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी कळलं, कारण माझी चप्पल घालून ती परसात गेली होती आणि मी ती घरभर शोधत बसले होते. आम्ही खूप हसलो होतो.

गावातून बाहेर पडायच्या रस्त्यावर निंबाचा पार आहे. पार पहाटेच भरतो, कारण म्हाताऱ्यांना झोप नसते. पारासमोरून जाताना गावच्या सुनेनं पायातलं काढून हातात घ्यायचं, पदर पुढे ओढायचा, आणि पार मागे पडला की पुन्हा घालायचं. सासऱ्यासमोर, दिरासमोरही तसंच. लेकीला हे काही नाही. मी लहानपणापासून त्या पारासमोरून सँडल वाजवत गेलेय. आईच्या चपला मात्र कधी झिजलेल्या मला आठवत नाहीत. एकच जोड वर्षानुवर्षं पुरायचा, आणि ती किती काटकसरी आहे असं आम्हाला वाटायचं.

भाऊंच्या शेकडो पत्रकांत या पाराबद्दल एक ओळ नाही.

वहिनीनं पोलीस भरतीचा अर्ज भरला तेव्हा भाऊंनी पेढे वाटले. तिच्यासाठी धावायचे बूट आणले, निळ्या पट्ट्यांचे. सराव गावाबाहेरच्या कच्च्या रस्त्यावर करायचा होता. ती आत ट्रॅक पॅन्ट घालायची, वरून साडी. साडी आमच्या शेतातल्या मोटारीच्या खोलीत काढून ठेवायची. पण बुटांचं काय? बूट काढायचे म्हणजे पारासमोर खाली बसून नाड्या सोडायच्या, हातात धरून चालायचं, पुढे पुन्हा बसून बांधायच्या. पहिल्या दिवशी तिनं ते केलं. पारावरची सगळी मंडळी पाहत होती.

मग मीच युक्ती काढली. बूट मी घालायचे. मी लेक, मला मुभा. वहिनी माझ्याबरोबर अनवाणी यायची. शेताच्या बांधाशी मी बूट काढून तिला द्यायची आणि माझ्यासाठी पिशवीत आणलेल्या चपला घालायची. परत येताना उलट. तिला बूट मिळायचे ते माझ्या पायांनी गरम झालेले.

"काय वं पोरी," पारावरचे एक आबा मला विचारायचे, "पोलीस तू व्हनार शे का तुन्ही वहिनी?"

"ती, आबा. मी नुसते बूट तपासतेय."

सगळा पार हसायचा. वहिनीही पदराआडून हसायची. निदान मला तसं वाटायचं. पदराआडचं मला काय दिसणार?

भाऊंना युक्ती फार आवडली. "याला म्हणतात डोकं," ते म्हणाले. "गावाला दुखवायचं नाही आणि आपलं काम थांबवायचं नाही." आणि त्यांची शाबासकी घेऊन मी जळगावची गाडी पकडली.

एप्रिलमध्ये धुळ्याला तरुणांचं एक अभ्यास शिबिर होतं. अध्यक्ष भाऊ आणि एका सत्राची वक्ती मी. विषय माझा मीच निवडला होता: प्राचीन रोमन समाजातले कपडे आणि पादत्राणं. पत्रकांवर वाढलेल्या माणसाला इतिहासातही पत्रकाचा मजकूर दिसतो. मला त्यात भरपूर दिसला होता. धरणगावच्या बाजारातून मी मांजरपाट आणला, पाच-सहा मीटर लांब, आणि त्याची एक कड गोल कापून घेतली. रोमचा नागरिक अंगावर जो झगा घ्यायचा त्याला टोगा म्हणत. तो एकट्यानं नेसता येत नसे, दुसरं माणूस लागे. म्हणून मी वहिनीला बरोबर घेतलं. आणि टोगा नेसवायचा कुणाला? शिबिरातल्या पोरांनी ओरडून निवड केली: "भाऊले! भाऊले!"

भाऊ लाजले, पण उभे राहिले. वहिनी सभागृहाच्या मागच्या खुर्चीवरून उठली. स्टेजवर सासऱ्यासमोर यायचं होतं. ती आधी दाराबाहेर गेली, चपला काढून ठेवल्या आणि मग आली. सभागृहात शे-सव्वाशे माणसं असतील, सगळ्यांच्या पायांत काही ना काही होतं. मी तिला बाहेर जाताना पाहिलं आणि पाणी प्यायला गेली असेल म्हणून माईककडे वळले.

ती भाऊंपासून हातभर लांब, मान खाली घालून, कापडाचं दुसरं टोक धरून उभी राहिली. मी नेसवत होते आणि बोलत होते. हा टोगा फक्त नागरिक पुरुषाचा, असं मी सांगितलं. गुलामाला तो घालता येत नसे. डाव्या हातावर तो सावरत राहावा लागतो, म्हणून तो घालून कष्टाचं काम होत नाही, आणि हेच त्याचं वैभव. बाईनं टोगा घातला तर ती बदनाम बाई समजली जायची. आतल्या सदऱ्यावरचा जांभळा पट्टा रुंद की अरुंद, यावरून माणसाची पायरी कळायची. काही वरच्या घराण्यातल्यांना लाल कातड्याचे बूट. जेवायला गेलं की सपाता काढायच्या आणि त्या गुलामानं सांभाळायच्या. पाहुण्यानं आपल्या सपाता मागितल्या की समजायचं, तो आता निघाला.

"म्हणजे गुलाम जोडा सांभाळस, अन् पायम्हा घालस दुसराच!" समोरून एक जण म्हणाला.

"अगदी बरोबर," मी म्हणाले. वहिनी माझ्या शेजारी उभी होती. तिच्याच पायांतले बूट मी रोज गावातून घालून नेते हे मला त्या क्षणी आठवलंसुद्धा नाही.

मग माझा आवडता भाग आला. निवडणुकीला उभे राहणारे उमेदवार टोगा उजळ दिसावा म्हणून त्याला खडू लावून घेत. आणि समुद्रापलीकडून नवे आणलेले गुलाम विकायला उभे करत, तेव्हा त्यांच्या पायांनाही खडू फासत, गिऱ्हाइकाला कळावं म्हणून. "पांढरा रंग एकच," मी आवाज चढवून म्हणाले. "एकाच्या खांद्यावर तो मान, आणि दुसऱ्याच्या पायावर किंमत!" टाळ्या पडल्या. अंगावर मांजरपाट सावरत भाऊंनीही डाव्या हाताची अडचण सांभाळून टाळी वाजवायचा प्रयत्न केला आणि सभागृह हसलं.

तेवढ्यात पहिल्या रांगेतले भाऊंचे जुने सोबती मोठ्यानं म्हणाले, "भाऊ, व्याख्यान तं झकास, पन तुमनी सूनबाई गुनी शे बरं का! दखा, चपला बाहेर काढी उनी. आजकाल कोन करस?"

मी भाऊंकडे पाहिलं. ते उत्तर देतील याची मला खात्री होती. अंधश्रद्धेवर, हुंड्यावर ते कुणाचीही भीड ठेवत नाहीत. रोमच्या नागरिकाच्या वेशात उभे असलेले माझे वडील गालात हसले आणि म्हणाले, "शे खरी. घरनं वळन शे."

माईक माझ्या हातात होता. पोरं माझ्याकडे पाहत होती. मी पुढचा मुद्दा सुरू केला.

सत्र संपलं तेव्हा दाराबाहेर वहिनीच्या चपला नव्हत्या.

"देवळासमोरून जातस हाई ऐकं व्हतं," चहा वाटणारे एक काका म्हणाले, "पन आपला शिबिरम्हा तं देव बी नही, तरी गयात!" सगळे हसले. मीही हसले. वहिनी वाकून खुर्च्यांखाली पाहत होती.

"चला, गाडी चुकेल," भाऊ म्हणाले. "थेट गाडी ही एकच आहे. धरणगावला नव्या घेऊ."

"वहिनी, माझ्या घाला," मी म्हणाले.

"राहू द्या ताई. लोक तुम्हाला भेटायला येताहेत. तुम्ही अनवाणी कशा दिसाल?"

हे बरोबरच होतं. मी कशी दिसले असते? मी दुसऱ्यांदा म्हटलं नाही.

धुळ्याची एप्रिलमधली भरदुपार ज्यानं पाहिली आहे त्याला डांबराचं वेगळं काही सांगायला नको. भाऊ पुढे, आयोजकाशी बोलत. मी त्यांच्या मागे. वहिनी भिंतीच्या सावलीची जी बोटभर रेघ होती तिच्यावरून चालत होती, आणि सावली संपली की पावलांच्या कडांवर. टोग्याचं कापड पिशवीत तिच्याच हातात होतं. त्याच्या दोन पट्ट्या फाडून तिच्या पायांना बांधाव्यात हे आम्हा तिघांपैकी कुणालाही सुचलं नाही. भाऊंच्या चपला तिला चालल्या नसत्या, सासऱ्याची वस्तू पायात घालायची तिची छातीच झाली नसती. माझ्या चालल्या असत्या. माप एकच.

गाडीत तिनं पाय साडीत ओढून घेतले. पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा खिडकीतून समोरच चपलांचं दुकान दिसत होतं, दोरीला लटकलेले जोड हलत होते. "उतरू का?" मी विचारलं. "राहू द्या ताई, गाडी सुटेल," ती म्हणाली. कंडक्टर खाली चहा घेत होता. गाडी बराच वेळ सुटली नाही. धरणगावला पोहोचलो तोवर बाजार उठला होता आणि नव्या चपला उद्यावर गेल्या.

गावाच्या फाट्यावर उतरलो तेव्हा दिवस कलला होता. पारासमोर आलो. वहिनी लंगडत होती आणि तिनं पदर पुढे ओढून घेतला. त्याच आबांनी तिच्या पायांकडे पाहिलं, नंतर तिच्या हातांकडे; चपला तिथंही नव्हत्या. चपला घरीच ठेवून आली असं त्यांना वाटलं असावं.

"वा वं बाई! धुळे जाई उनी, तरी रीत इसरनी नही."

भाऊंनी हात जोडले. चपला चोरीला गेल्या एवढं साधं सत्यही ते बोलले नाहीत. मीही बोलले नाही. मोफत मिळालेली अब्रू आम्ही दोघांनी खिशात टाकली आणि घरी आलो.

घरी आईनं कंदिलाएवढा उजेड देणाऱ्या पिवळ्या बल्बखाली वहिनीची पावलं उलटी करून पाहिली. टाचांना आणि चवड्यांना पाण्यानं भरलेले फोड. आईनं तेल-हळद लावली. "मला पण येत होते, पहिल्या उन्हाळ्यात," ती इतक्या सहज म्हणाली की भाकरीचं पीठ संपलंय म्हणावं. "मग घट्टे पडतात. मग काही होत नाही."

मैदानी चाचणी पुढच्या आठवड्यात होती.

सराव थांबला. फोड फुटले, खाली ओली कातडी राहिली. जळगावच्या मैदानावर मी तिला घेऊन गेले तेव्हा तिच्या बुटांत कापूस भरला होता. नातेवाइकांना आत सोडत नव्हते. मी फाटकाबाहेर उभी राहिले, तिथं तिच्यासारख्याच पोरींचे नवरे, भाऊ, बाप चण्याच्या पुड्या घेऊन उभे होते. पळायच्या आधी तिनं बूट काढून ठेवले हे मला नंतर कळलं. बुटात पाय टेकवताच येत नव्हता, म्हणून ती अनवाणी पळाली.

ती बाहेर आली ती बूट हातात घेऊन. पट्टे आखायची फक्की तिच्या पावलांना घोट्यापर्यंत लागली होती. पांढरेफटक पाय. धुळ्यात टाळ्या घेतलेलं वाक्य मला आठवलं, आणि त्या फाटकाशी मला खाली पाहवेना आणि वरही पाहवेना. ती व्याख्यानात माझ्या शेजारीच उभी होती, तिनं ऐकलं असणारच. ती फक्त म्हणाली, "शेवटच्या वळणावर मागे पडले, ताई."

निकाल लागला तेव्हा थोडक्यात हुकली होती. वयाच्या हिशेबानं तिला आता एकच भरती उरली आहे.

हळूहळू तिचे पाय बरे झाले. मग एका सकाळी मी ओट्यावर चहा घेत होते. भाऊ समोर पेपर वाचत होते. वहिनी आतून आली, बूट खाली ठेवले, आणि भाऊंसमोर, ओट्याच्या पायरीवर बसून, ते पायांत घातले. नाड्या नीट बांधल्या, गाठीवर गाठ.

भाऊंनी पेपर खाली केला. "बाई, जरा... पारापर्यंत तरी..."

"भाऊ, माझी एकच भरती राहिली," ती म्हणाली.

ती निघाली. पदर डोक्यावर होता, साडी होती, खाली निळ्या पट्ट्यांचे बूट. आमच्या ओट्यावरून पार दिसतो. पारावरच्या माना तिच्याकडे वळल्या. मग तेच आबा ओरडले, "भाऊना घरम्हा पोलीस ठानं उघडनं वाटतं!"

"अजून नाही आबा," तिचा आवाज इथवर आला. "आधी भरती होऊ द्या."

कुणीतरी खोकलं. कुणीतरी माझ्या भावाचं नाव घेऊन, तो सुरतेला बसून काय करतो, असं काहीतरी म्हणालं. ती थांबली नाही. मी ओट्यावर हातात कप धरून उभी होते. रोज तिच्याबरोबर पारावरून जाणारी मी, ज्या दिवशी बरोबर जायची खरी गरज होती त्या दिवशी घरी होते. बूट माझ्या पायांत नव्हते, म्हणून मला जायचं काही कारणच उरलं नव्हतं जणू.

त्या दिवसापासून भाऊ पारावर बसायला जात नाहीत. गुडघा दुखतो म्हणतात. परवा संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं. समोर कोरा कागद होता, वर 'बंधू-भगिनींनो' लिहिलेलं.

"सुनांच्या चपलांवर एक पत्रक काढू," ते म्हणाले. "जोरदार. तू तुझं ते रोमचं टाक त्यात. खडूचं."

वहिनी चुलीपाशी भाकरी थापत होती. ती वळली नाही, थापत थापतच म्हणाली, "पत्रक सावकाश काढा भाऊ. मी उद्या पहाटे निघणारेय. बरोबर कोण येतंय, ते सांगा."

भाऊंनी पेनाचं टोपण लावलं आणि पुन्हा काढलं. रोमबद्दल मी वाचलेलं आणखी एक मला तेव्हा आठवलं. तिथल्या सभेत एकदा सूचना आली होती म्हणे, गुलामांना वेगळा पोशाख द्यावा. ती मागे घेतली गेली, कारण मग गुलामांना कळलं असतं की आपण किती जण आहोत. हे मी भाऊंना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी तेही कागदावर उतरवून घेतलं असतं.

दुसऱ्या पहाटे मी गेले. माझ्या पायांत माझ्या चपला, तिच्या पायांत तिचे बूट. पारावरून जाताना माझी मान ताठ नव्हती, हे खरं सांगते. तिचीही नव्हती, पण तिचे पाय थांबत नव्हते. भाऊ आले नाहीत. अजून आलेले नाहीत. त्यांच्या चपला दाराशी रस्त्याकडे तोंड करून असतात, एवढंच मी रोज निघताना पाहते.

म्हणून हे लिहून मी तुमच्याकडे एकच मागते. तुम्ही सासरे असाल, दीर असाल, नणंद असाल, कुणीही असाल. हा कागद वाचून घडी घालून ठेवू नका, आणि कुणाला वाचायला देऊन मोकळेही होऊ नका. उद्या तुमच्या घरातली सून बाहेर निघेल तेव्हा स्वतःच्या चपला घाला आणि पार मागे पडेपर्यंत तिच्या शेजारून चाला. पारासमोर ती सवयीनं वाकायला लागली, तर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणा, "राहू दे बाई, पायातच राहू दे."